सिराजची हाडं

पावसाळा आला की पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे दोन प्रकारचे पेशंट येतात. शेवाळावरून घसरलेले आणि घोड्यावरून पडलेले. घसरलेले वर्षभर कुरकुरतात. पडलेले एवढंच विचारतात, "शनिवारपर्यंत बरं होईल ना?"

माझा दवाखाना रास्ता पेठेत होता. 'डॉ. सुनीती आगाशे, अस्थिरोगतज्ज्ञ' अशी पाटी, आणि तिच्याखाली 'हाड मोडले असल्यासच दुपारी बेल वाजवावी' अशी दुसरी. बाईमाणूस हाडं कशी बसवते हे बघायलाच पहिले काही पेशंट आले असावेत. नंतर सवयीनं येत राहिले. एक्स-रेचं यंत्र मी एका निवृत्त डॉक्टरांकडून जुनं घेतलं होतं. ते वासंती चालवायची. वासंती नारायण पेठेतली, शिस्तीची. तिच्या डार्करूममध्ये मीसुद्धा दार वाजवून जात असे.

एकोणसत्तर सालच्या जुलैत जयसिंग एका पोराला घेऊन आला. जयसिंग हडपसरचा. घरची ऊसशेती भावांवर सोडून हा रेसकोर्सवर ट्रेनर झाला होता. त्याच्याबरोबरचा पोरगा अंगापिंडानं चौदा वर्षांचा वाटावा असा. प्रत्यक्षात एकोणीस पूर्ण होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चाबूक, आणि दवाखान्यात कुणी हसतं तसं नाही, लग्नघरात हसतात तसं हसू.

"सकाळच्या गॅलपला घोडीनं फेकला," जयसिंग म्हणाला. "खांदा बघा. सिराज नाव हाय त्याचं. लई गुणी पोरगं."

खांद्याला नुसता मुका मार होता. पण एक्स-रेत उजव्या गळपट्टीचं हाड मधोमध मोडून जुळलेलं दिसत होतं. टोकं एकमेकांवर किंचित चढलेली, भोवती हाडाची गाठ. वेळेवर बसवलं नाही की असंच जुळतं.

"हे कधी मोडलं होतं?" मी विचारलं.

"कधीच नाही, बाई."

"मोडल्याशिवाय जुळत नाही, सिराज."

"मग दुसऱ्या कुणाचं असेल."

हे वासंतीला लागलं. "माझ्याकडे प्लेटा बदलत नाहीत," ती म्हणाली आणि न विचारता तिनं दुसरा एक्स-रे काढला. तोही तसाच. मी बोट फिरवून पाहिलं तर कातडीखाली गाठ लागत होती. सिराजनंही चाचपून पाहिलं आणि खांदे उडवले.

त्याला न्यायला त्याचे वडील दादामियाँ आले. भीमपुऱ्यात राहायचे, घोड्यांना नाल ठोकायचा धंदा. लहानपणी पोरगा कुठून पडला होता का, असं मी त्यांना विचारलं.

"पडला असता तर मी मारला असता," ते शांतपणे म्हणाले. "मारल्याचं आठवत नाही. म्हणजे पडला नाही."

या तर्कात मला खोट काढता आली नाही. लहान मुलांची हाडं मुकाट्यानं मोडतात आणि मुकाट्यानं जुळतात. मी तशी नोंद केली आणि विसरून गेले.

पुढच्या सीझनला, भर शर्यतीत वळणावर, सिराज पडला. जयसिंगनं त्याला मोटारीत घालून आणलं तेव्हा स्वतः जयसिंगचाच चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, म्या सोताच्या कानानं ऐकलं," तो म्हणाला. "ऊस मोडावा तसा आवाज आला. हाड कातडीखालनं असं वर आलं हुतं. हिथं, उजव्या बाजूला. आन् आता बघा, जाग्यावर हाय."

सिराज टेबलावर बसून पाय हलवत होता. "दुखत होतं, बाई. कॅम्पात येईपर्यंत दुखत होतं."

एक्स-रे काढला. मी जुनी प्लेट शोधून काढली आणि नव्या प्लेटवर ठेवून दिव्यासमोर धरली. दोन्हींत एकच गाठ होती, एकच चढलेलं टोक. नवीन चीर कुठेही नव्हती. जयसिंगला मी सांगितलं की घाबरल्यावर माणसाला वाटेल ते दिसतं. जाताना मात्र त्यानं सिराजच्या खांद्याला हात लावायचं टाळलं.

मला आता राहवेना. सिराजला बोलावून मी त्याच्या छातीचे, हातांचे, पायांचे एक्स-रे काढले. डाव्या बाजूच्या बरगड्या, उजवं मनगट, डावी नडगी. सगळीकडे मोडून जुळल्याच्या खुणा. जुन्या, वर्षानुवर्षांच्या. त्या प्लेटा मी मुंबईला माझ्या सरांकडे घेऊन गेले. काही न सांगता समोर ठेवल्या.

सरांनी चष्मा वर केला. "जॉकी दिसतोय," ते म्हणाले. "बरीच वर्षं दौडलेला. आता निवृत्त होऊन काय करतो?"

"वीस वर्षांचा आहे, सर."

सर मोठ्यांदा हसले. विनोद म्हणून त्यांनी तो पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितला.

त्यानंतर एकेक खूण खरी होत गेली. शर्यत सुरू व्हायच्या आधीच एक घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि सिराजचं मनगट त्याच्याखाली सापडलं. दुसऱ्या वर्षी तबेल्यात एका घोड्यानं लाथ मारली, ती बरोबर डाव्या नडगीवर. दर वेळी आवाज आल्याचं बाकीचे शपथेवर सांगत. दर वेळी माझ्या दिव्यासमोर तीच जुनी, भरून आलेली खूण. संध्याकाळपर्यंत दुखणं गायब.

मी या प्रकाराला नाव द्यायच्या फंदात पडले नाही. सिराजनं मात्र त्याचा अर्थ लगेच लावला.

"म्हणजे बाई, जे जे मोडायचंय त्याची दुरुस्ती आधीच होऊन बसलीय," तो म्हणाला. "मग मी भ्यायचं कशाला?"

आणि तो भ्यायचा थांबला.

शर्यतीत आतल्या कठड्याला लागून कधीकधी एक फट पडते. पुढचा घोडा जरासा बाहेर सरकतो, एका घोड्यापुरती जागा होते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटते. शहाणे जॉकी तिच्याकडे बघतही नाहीत, कारण फट मिटताना आत असलेला माणूस लाकडी कठड्यावर घासला जातो. सिराज सरळ त्या फटीत घुसायचा. एका मोठ्या शर्यतीत तो तसा घुसला, फट मिटली, त्याची डावी बाजू कठड्यावर घासत गेली आणि तरी तो घोड्याच्या अर्ध्या लांबीनं जिंकला. बक्षीस घेताना तो थोडा वाकडा उभा होता. त्या बरगड्यांच्या खुणा माझ्या कपाटात दोन वर्षांपासून होत्या.

मग मात्र पुणं त्याच्या मागे वेडं झालं. कॅम्पातल्या इराण्यांकडे त्याचे फोटो लागले. बुधवार पेठेतला एक रेडिओवाला त्याच्याकडून दुरुस्तीची मजुरी घेईना. रेस म्हणजे घर बुडवायचा धंदा, असं म्हणणारी वासंती शनिवारी दुपारी हळूच ट्रान्झिस्टर लावू लागली. पेपरात आलेला सिराजचा फोटो तिनं डार्करूमच्या दाराला आतून चिकटवला. "अंधारातच असतो," मी विचारल्यावर ती म्हणाली. "कुणाला दिसतोय?"

सिराजला या सगळ्याची मजा वाटे. सीझनभर वजनापायी तो अर्ध्या भाकरीवर आणि दुधीच्या पाण्यावर असे. सीझन संपला की मात्र आईच्या हातच्या बिर्याणीचा डबा घेऊन माझ्याकडे येई आणि समोर बसून खाई. माझ्या शाकाहारी दवाखान्यात मी ते चालवून घेत असे. "तुमच्यासाठी शेवया आणल्यात," तो सांगायचा. "बिर्याणीचा नुसता वास घ्या. वासाला पाप नाही." असा आनंदी माणूस मी पेशंटांत दुसरा पाहिला नाही.

पुढे त्याचं लग्न झालं. सलीमा कॅम्पातल्या एका शाळेत शिकवत होती. शांत, नीटनेटकी, बोलण्याआधी विचार करणारी. घोड्यांशी तिचा संबंध नव्हता आणि जोडायची तिला हौसही नव्हती. सिराजनं तिला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं, एवढंच.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सिराजची मान अवघडली. रात्री उशी वाकडी झाली असणार. गरम पाण्यानं शेकायला सांगून मी त्याला परत पाठवू शकले असते. पण मानेचा एक्स-रे आम्ही कधी काढलाच नव्हता. वासंतीनं काढला आणि प्लेट वाळायच्या आत माझ्यासमोर आणून धरली.

मानेचा दुसरा मणका. फाशी दिलेल्या माणसाचा मोडतो तोच. दोन्ही बाजूंनी आरपार मोडलेला आणि सुरेख जुळून आलेला.

मी सिराज आणि सलीमा दोघांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि प्लेट दाखवली. माझ्या आयुष्यात मी पेशंटपासून एक्स-रे लपवला नाही.

"सिराज, आता घोड्यावर बसणं सोड," मी म्हणाले. "भरपूर जिंकलास."

तो प्लेटकडे कौतुकानं बघत होता. "पण भरून आलंय ना, बाई?"

"आलंय."

"म्हणजे मान मोडली तरी मी उठणार. एवढी हमी तर विमा कंपनीही देत नाही."

सलीमा हसली नाही. तिनं प्लेट हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि बराच वेळ पाहिली.

"डॉक्टर, यात हाड दिसतं," ती म्हणाली. "ज्याचं हाड आहे तो माणूस जिवंत आहे की नाही, हे दिसतं का?"

"सलीमा, मेलेल्या माणसाचं हाड भरून येत नाही," मी म्हणाले. "भरायला रक्त लागतं, महिने लागतात. हाड भरलंय म्हणजे माणूस जगला."

तिनं मान डोलावली. प्लेट परत देताना ती म्हणाली, "आपण सांगता म्हणजे बरोबरच असेल."

मी सांगितलं ते बरोबरच होतं. कुठल्याही पुस्तकात तेच लिहिलेलं आहे.

सिराजनं रेस सोडली नाही. त्यानं सलीमाला एवढाच शब्द दिला की मानेचं झालं, की तो दिवस शेवटचा. त्यानंतर हडपसरजवळ मांजरी गावाला जागा घ्यायची आणि ऊस लावायचा. सलीमानं हे मान्य केलं. सक्तीनं घरी बसवलेला सिराज तिलाही नको होता.

पुढची काही वर्षं त्याची सर्वांत सुंदर वर्षं. त्याला चाबूक वापरावा लागत नसे. घोडी त्याच्याखाली अशी पळत की जणू पाठीवर कुणी नाहीच. जयसिंगच्या तबेल्यात 'मेघमाला' नावाची काळपट तपकिरी घोडी आली आणि ती दोघं मिळून हरायचंच विसरली. दर जिंकल्यानंतर सिराज तिच्या कानात काहीतरी सांगे आणि ती मान हलवी. काय सांगतोस, म्हणून मी विचारलं होतं.

"आज माझी मान वाचली, म्हणून सांगतो," तो म्हणाला.

एक्क्याऐंशीच्या सप्टेंबरात सीझनमधली मोठी शर्यत होती. आदल्या दिवशी सलीमा दवाखान्यात आली. "उद्या आपण माझ्याबरोबर बसाल का?" एवढंच तिनं विचारलं. का, ते मीही विचारलं नाही. वासंतीला दवाखाना उघडा ठेवायला सांगितलं आणि गेले.

दुपार स्वच्छ होती. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि हिरवळ धुतल्यासारखी चमकत होती. एम्प्रेस गार्डनच्या बाजूनं ओल्या झाडांचा वास येत होता. लोक नटूनथटून आले होते, कुणीतरी भजी तळत होतं, बँड वाजत होता. सिराज आमच्यासमोरून गेला तेव्हा त्यानं टोपीला हात लावला. पिवळा शर्ट, हिरव्या बाह्या. सलीमानं त्याला हात केला आणि तो हात मग माझ्या हातावर ठेवला.

शर्यत सुटली. मेघमाला मागे होती. सिराज तिला नेहमीच मागे ठेवायचा.

शेवटच्या वळणावर आतल्या बाजूला फट पडली.

तो आत गेला. अख्खा स्टँड उभा राहिला. मग पुढच्या घोड्याचा पाय घसरला.

मेघमाला त्याच्यावर आदळली, सावरली, उभी राहिली. पिवळा शर्ट तिच्या पाठीवर नव्हता. मागचे घोडे त्या जागेवरून गेले.

मला काही ऐकू आलं नाही. अंतर पुष्कळ होतं. पण सलीमाची बोटं त्याच क्षणी माझ्या हातात रुतली.

शेजारच्या माणसाची दुर्बीण मी डोळ्यांना लावली. तो हिरवळीवर पालथा पडला होता. तोंड आकाशाकडे होतं.

मी हाडांची डॉक्टर आहे. पालथ्या माणसाचं तोंड आकाशाकडे असू शकत नाही, हे मला कळतं.

रुग्णवाहिका त्याच्यापर्यंत पोचली आणि आमच्या आड आली. ती बाजूला झाली तेव्हा सिराज उभा होता.

गुडघे झटकत होता. त्यानं लोकांना हात केला आणि टाळ्यांनी छप्पर हाललं. मग तो मेघमालेकडे चालत गेला. ती मागे सरली. तो आणखी पुढे गेला, ती आणखी मागे सरली. जयसिंगनं शेवटी तिला लगामाला धरून नेलं.

"उठला," मी म्हणाले. "सलीमा, उठला."

"हो," ती म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, घोडीकडे बघत होती.

दवाखान्यात तो स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता. कुणीतरी पुडी दिली होती. मेघमालेचे पाय शाबूत आहेत ना, एवढी एकच चौकशी त्यानं दहा वेळा केली. मान इकडे वळत होती, तिकडे वळत होती. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. दुखतं का म्हणून विचारलं तर म्हणाला, "या वेळी कॅम्पात येईपर्यंतसुद्धा दुखलं नाही."

वासंती डार्करूममधून बाहेर आली. प्लेटमधून पाणी ठिबकत होतं.

"ही तुम्हीच बघा, बाई," ती म्हणाली.

दुसरा मणका आरपार तुटला होता. टोकं धारदार, मधे मोकळी फट, पुढचा भाग सरकलेला. जुळल्याची खूण कुठेच नव्हती. जुनी प्लेट शेजारी लावली. तिच्यात ती होती.

असं हाड मोडल्यावर माणूस शेंगदाणे खात नाही.

मी त्याला डोक्यापासून छातीपर्यंत प्लास्टर घातलं. तो तीन महिने त्यात राहिला आणि एका शब्दानं कुरकुरला नाही. "आता मी खरा रेसचा घोडा," म्हणायचा. "फक्त पुढचं दिसतं." प्लास्टर काढल्यावर एक्स-रे घेतला. टोकं तशीच धारदार. हाडाला कोंब म्हणून फुटला नव्हता. मुंबईच्या सर्जनांनी शस्त्रक्रिया सुचवली. "मान वळते, दुखत नाही, मग शिवायचं काय?" सिराज म्हणाला. दर वर्षी मी एक्स-रे काढत राहिले. दर वर्षीची प्लेट त्या दुपारच्या प्लेटवर ठेवली तर एकच दिसे. मग मी काढायचं सोडलं.

शब्द दिल्याप्रमाणे तो मांजरीला गेला. ऊस लावला. दोन मुली झाल्या, त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सलीमापेक्षा तोच पुढे बसायचा. केस पिकले, पोट सुटलं, बिर्याणीवरचं प्रेम मोकळं झालं. रेसकोर्सवर मात्र तो गेला नाही. "घोडी ओळख देत नाहीत आता," एकदा म्हणाला. "मोठी माणसं झाली ती." आणि स्वतःच हसला.

मी दवाखाना बंद करायचं ठरवलं, त्या वर्षीच्या ईदला दोघं शीरखुर्मा घेऊन घरी आली. एकोणीस-वीस वर्षं झाली असतील त्या शर्यतीला. सिराज खुशीत होता. मोठीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, ऊस डोक्यावर गेला होता, कारखान्याची तोड लवकर येणार होती. बोलताबोलता तो मधेच हनुवटीखाली रुमाल टेकवी. पुन्हा थोड्या वेळानं टेकवी.

"दाढी करताना लागलं का?" मी विचारलं.

"असेल," तो म्हणाला. "पहाटे घाईत उरकली."

सलीमानं पर्समधून घडी केलेला स्वच्छ रुमाल काढला, त्याच्या हातातला घेतला आणि हा दिला. बघितलंसुद्धा नाही. तिच्या पर्समध्ये तसे आणखी रुमाल होते.

मी चष्मा लावून जवळ गेले. दाढीच्या ब्लेडची जखम नव्हती ती. खरचटलं होतं, नखाएवढं. शर्यतीच्या त्या दुपारी हिरवळीवर घासून त्याला तिथेच खरचटलं होतं. मानेच्या गडबडीत मी लक्ष दिलं नव्हतं, वासंतीनं आयोडीन लावलं होतं. जखम ओली होती. रक्त पातळ, लालभडक. आणि त्यात गवताचं एक बारीक पातं अडकलेलं होतं.

हिरवंगार.

सवयीनं माझा हात टेबलावरच्या औषधपेटीतल्या चिमट्याकडे गेला. सलीमानं तो मनगटाशी धरला. धरायला जोर लावला नाही, पण सोडलाही नाही.

"राहू द्या, डॉक्टर," ती हलकेच म्हणाली. "ते काढू नका."

सिराज उसाबद्दल सांगत होता. यंदा पाऊस वेळेवर झाला, असं म्हणत होता.